लांबनाकीची सीट

प्रिय भावजी,

त्या सकाळी पाणी भरून झालं होतं, दूध तापवून झाकलं होतं, केरही निघाला होता. आता गॅरेजचं दार उघडण्यावाचून दुसरं काही काम उरलं नव्हतं, म्हणून मी धुतलेली पातेली पुन्हा धुतली. (तुमचा गुडघा कसा आहे ते आधी विचारायला हवं होतं. कसा आहे? आणि जाऊबाई अजून तुमच्यावर रागावल्या की गच्चीत जाऊन बसतात का? दोघांनाही आशीर्वाद.)

भीती कशाची ते सांगते. तुम्ही फोनवर म्हणालात, "वहिनी, रविवारी गिऱ्हाईक आणतोय. गाडी पाच महिने बंद आहे. इंजिन जाम झालं असेल तर तो माणूस तिचे सुटे भाग करून नेईल. फक्त चावी फिरवून बघा." फक्त! तुमच्या दादांनी अकरा वर्षं खपून गंजक्या सांगाड्यातून उभी केलेली ती जुनी इटालियन लांबनाकी. पुढे बारा सिलिंडर, आत जेमतेम दोन माणसं. नाक एवढं लांब, की ते कोपऱ्यावर वळलं तरी आपण अजून घरासमोरच असतो. ते गाडीखाली शिरून काम करायचे आणि मी नाकासमोरच्या स्टुलावर, शब्दकोश मांडीवर घेऊन, तिचं इटालियन पुस्तक वाचून दाखवायची. (माझी शाळा चौथीत सुटली, पण 'ओलिओ' म्हणजे तेल आणि 'फ्रेनी' म्हणजे ब्रेक हे मी झोपेतही सांगेन. मात्र नाकासमोर बसून वाचणं वेगळं आणि नाकामागे बसणं वेगळं.)

बसले एकदाची. पाय क्लचपर्यंत पोचेना. ते गेले त्या दिवशी सीट जिथे होती तिथेच होती, त्यांच्या लांब तंगड्यांच्या मापाने. खाली एक दांडी आहे, ती उचलली की सीट पुढे सरकते. पुस्तकातल्या त्या पानाचा अर्थ मीच लावला होता. मी दांडीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मग घरातून दोन उशा आणि एक लोड आणून पाठीशी कोंबले.

शेजारचे ड्रायव्हरकाका (तीस वर्षं बस चालवली, त्यामुळे दुसऱ्या कुणाला गाडी येते हे त्यांना मान्यच नाही) मागे दारात येऊन उभे. "वहिनी, गाडी चालू करताय की दुखणं काढताय?"

"तुम्ही आधी दारातून बाजूला व्हा," मी म्हटलं.

क्लच दाबला, चावी अर्धी फिरवली. पेट्रोलच्या पंपाची टकटक थांबेपर्यंत थांबायचं असतं. ती थांबली, माझ्या छातीतली थांबेना. चावी पूर्ण फिरवली. ती एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि मग बाराच्या बारा एकदम जागे झाले. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातली ताटं वाजायला लागली. मी इतकी घाबरले की दोन्ही पाय वर घेतले. आणि भावजी, हँडब्रेक नीट धरत नाही म्हणून तुमचे दादा तिला नेहमी पहिल्या गिअरमध्ये ठेवून उतरायचे, हे जगात मला एकटीला माहीत होतं. नेमकी मीच विसरले. तिने एकच उडी मारली, काहीतरी कडाडलं, आणि भिंतीच्या वीतभर अलीकडे इंजिन बंद पडलं. लोड माझ्या डोक्यावर.

"चालू होते म्हणायची!" काका म्हणाले.

तेव्हा इंजिन शाबूत आहे. रविवारी गिऱ्हाइकाला घेऊन खुशाल या.

तुमची,
वहिनी

ता.क. कडाडलं ते स्टूल. बंपरला नखाएवढा ओरखडा आहे. मी बराच वेळ रडले. काकांना सांगितलं, स्टूल चांगल्या लाकडाचं होतं.

ता.क. दुसरा. गिऱ्हाइकाला आणू नका. तो आत बसला की पहिल्यांदा सीटच सरकवेल. तुम्ही एकटे या, शेजारी बसा आणि मला गिअर टाकायला शिकवा. गुडघा दुखत असला तरी या.

ता.क. तिसरा. काल पाकीट बंद करायचं राहिलं, म्हणून लिहिते. आज सकाळी पाणी भरलं, दूध तापवलं, केर काढला. मग गॅरेजमध्ये गेले, दांडी उचलली आणि सीट चार खाचा पुढे घेतली.