ताज्या पाण्यानं मेलेला मासा

आत्याबाई, मी तुमची धाकटी सून. ओळखलंत का? जिवंतपणी चष्मा कपाळावर असायचा आणि तोच तुम्ही सगळ्या घराला हुडकायला लावायचात. आता तर तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, म्हणून आधीच सांगून ठेवते. दूध कट्ट्यावर, दूध घ्यायला जमलेल्या गिऱ्हाइकांसमोर, पहिल्यांदा धार काढायला बसवलंत आणि म्हशीनं बादलीसकट जिला उताणं पाडलं, ती मी. मला अजून अक्षर येत नाही. मी बोलते, नववीतली नात लिहिते. माझं हाय-न्हाय ती आहे-नाही करून घेते. करू दे, शाळेचे पैसे फिटू देत.

तर आमच्या घरचा मासा मेला. कालवणातला नव्हे, टीव्हीशेजारी काचेच्या पेटीत पाळलेला, नारंगी. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दूध देत न्हाय, राखण करत न्हाय, सांभाळायचा कशापायी?" मीही तेच म्हणत होते. पण दुपारी घरात कोणी नसलं की तो काचेला तोंड लावून माझ्याकडं बघायचा, आणि मी त्याला भाजी काय करू ते विचारायला लागले. रविवारी सकाळी नातीनं नेहमीसारखं त्याचं अर्धं पाणी बदललं. आम्ही जेवायला बसलो तेव्हा तो वर येऊन तोंड उघडमीट करत होता, आणि ताटं उचलेपर्यंत आडवा झाला. मुलगा तिला म्हणाला, "खायला जास्त घातलं असशील." पोरीनं पेटी पुसून माळ्यावर टाकली आणि म्हणाली, "माझ्या हाताला गुण नाही. मी आता काही पाळणार नाही." ते ऐकलं आणि मला तुमची म्हैस आठवली.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी ती पोट फुगून बसली, ती उठलीच नाही. सकाळची वैरण मी टाकलेली. गल्लीत कुजबुज सुरू झाली, नव्या सुनेचा पायगुण. मी चुलीमागं तोंड लपवून बसलेली. तुम्ही रडला नाहीत, देवऋषी बोलावला नाहीत. गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून एकेकाला पुढं बोलावलंत. "काल रोजच्यापरीस येगळं काय झालं? त्येवढंच सांगा." वैरण तीच, पाणी तेच, चारणारी माणसं तीच. विचारत विचारत तुम्ही स्वतःपाशी येऊन थांबलात. अजून दिसतं मला. तुम्ही उठताय, पदराला हात पुसताय, आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणताय, "सुनंचं काय न्हाय. सणाच्या उरल्याल्या पोळ्या म्या चारल्या, पाटीभर. मायेनंच चारल्या. माझ्याच हातानं गेली माझी म्हस." मग माझ्याकडं वळून, "ऊठ गं, च्या टाक." खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात पैलवान लई बघितले आत्याबाई, पण स्वतः पाठ टेकून जिंकलेलं माणूस मी एकच बघितलं.

म्हणून सोमवारी मीही तुमच्यासारखी पाटावर बसले आणि नातीला विचारलं, काल रोजच्यापेक्षा वेगळं काय झालं? खाणं? चिमूटभरच, रोजचं. बुडबुड्यांचं यंत्र? चालू होतं. पाणी? "बादलीतलंच गं आजी, दोन दिवस ठेवलेलं." मी म्हटलं, दोन दिवस कशाला ठेवतेस? "नळाच्या पाण्यात औषध असतं ना, ते उडून जायला. ताजं पाणी घातलं तर मासा मरतो." आणि तुमची ही धाकटी सून तोंड मिटून आत डाळ निवडायला गेली.

तुम्हीच शिकवलंत, रात्रीचं पाणी शिळं. सकाळी हंडा ओतायचा, घासायचा, देवाला आणि पाव्हण्याला ताजं भरायचं. आज साठ वर्षं मी तेच करते. शनिवारी मोरीत बादली दिसली, पाण्यावर धुरळा बसलेला. मला वाटलं, बिचाऱ्या जिवाला शिळं पाणी का? तुळशीला ओतलं, बादली राखेनं घासली, नळ आल्यावर काठोकाठ ताजं भरून ठेवलं. तेच पोरीनं सकाळी पेटीत ओतलं. तिच्या हाताला गुण आहे, आत्याबाई. माझ्या हातानं गेला तो.

आता हिनं लिहायचं थांबवलंय. "आजी, हे खरं हाय?" म्हणते. बघा, तिचंही हाय निघालं. खरं हाय म्हटलं, लिही. नाक ओढत म्हणाली, "चार दिवस का नाही सांगितलंस?" काय सांगू? तुम्ही अख्ख्या गल्लीसमोर उभ्या राहिलात, मला मेलेल्या सासूच्या आडून बोलावं लागलं. तुमच्याएवढी छाती नाही माझी. पोरगी स्टूल घेऊन माळ्याकडं गेली होती, पेटी खाली काढून आलीय. बादली मात्र तिनं आपल्या खोलीत नेऊन ठेवलीय, माझ्या हाताला लागणार नाही अशी.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तांदळाच्या डब्यात राहील. पितृपक्षातल्या तुमच्या म्हाळाच्या पानाचं तेवढं माझ्या सुनेला सांगून ठेवते. खीर, वडे, आळूची भाजी भरपूर पाठव म्हणावं. पुरणाची पोळी एकच. जास्त ठेवली तर आत्याबाई तिथल्या म्हशीला घालतील.