चाळलेली राख

बाबा, त्या सकाळी मी बंबातली राख चाळत होते. आंघोळी उरकल्या होत्या. आई ओरडत होती, "पिठाची चाळणी घेतलीस ना परत? आता राखेच्याच भाकऱ्या खा!" आणि तुम्ही वर्कशॉपच्या दारात उभे राहून हसत होता. कोमट राख तेलाच्या डब्यात भरून तुम्हाला नेऊन देणं हे माझं रोजचं काम. साखर कारखान्यात रसाचा आंबटपणा मोजायला काचेच्या कांड्या लागत. तुम्ही ज्योतीवर त्यांच्या टोकाला पातळ फुगा फुंकायचात आणि गरम कांडी त्या राखेत पुरून दुसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू निवत ठेवायचात. मी मध्येच झाकण उघडायला गेले की म्हणायचात, "घाई कसली गं? काच काय पळून जातेय?" एकदा मी राख ओलसर आणली आणि सगळे फुगे तडकले. तेवढं एकदाच तुम्ही मला रागावलात.

माझ्या लग्नात तुम्ही जावयाला तुमची वही दिलीत. काचेचं मिश्रण, ज्योत, फुंकर, सगळं तीत आहे. राख नाही. ते पोरीचं घरकाम, ते काय लिहायचं, असं वाटलं असेल तुम्हाला.

इथे अमेरिकेत ते दोन टॉवर पडले त्याच वर्षी ह्यांची सॉफ्टवेअरची नोकरी गेली, आणि पिस्कॅटवेच्या या घरात ह्यांनी ती वही बाहेर काढली. तिकडे आपल्या देशात बाजार खुला झाला होता, कारखाने परदेशी कांड्या घेत होते. "आपण स्वस्तात करू. ज्ञान आपल्याकडे आहे," हे म्हणायचे. ह्यांच्या पुण्याच्या मित्राने बँकेत वही दाखवली, तर साहेबांनी विचारलं, जमीन किती आहे? मग आमच्याच शिलकीतून पुण्यात शेड घेतली, काच हळूहळू थंड करायला विजेची भट्टी आणली. रोज सकाळी स्वयंपाकघरात स्पीकरवर मित्राचा आवाज यायचा, "लाइट गेली यार. पुन्हा सगळ्या तडकल्या." वरून मुलगी ओरडायची, "डॅड, कॅन यू प्लीज बी क्वाएट?"

एका सकाळी हे फोन तसाच चालू ठेवून माझ्याकडे वळले. "अगं, तू त्या घरात वाढलीस. बाबा भट्टीशिवाय कसं करायचे?" मी पोळी उलटत होते. शब्द ओठांवर आला होता. पण धंदा जमला तर हे घर विकून परत जायचं ठरलं होतं आणि मुलगी इथेच राहणार होती. मी म्हटलं, "मला कुठे वर्कशॉपमध्ये येऊ द्यायचे?" फोनवर मित्र म्हणाला, "राहू दे रे, वहिनींना काय माहीत असणार!" हे हसले. मीही हसले.

वर्षभरात शेड गेली. हे दुसऱ्याच्या कंपनीत खालच्या जागेवर लागले. वही पुन्हा उघडली नाही. तीन वर्षांनी हेही गेले.

सध्या लायब्ररीतून आणलेलं एक जाड पुस्तक डिक्शनरी शेजारी ठेवून वाचतेय. बंद बाजार उघडल्यावर स्वतःच्या ज्ञानावर धंदे काढलेल्या इंजिनियरांबद्दल आहे, कुठल्या कुठल्या देशांतल्या. ते धंदे का बुडाले त्याची कारणं दिली आहेत. भांडवल नव्हतं, कायदे धड नव्हते, वीज नव्हती. सगळी खरी आहेत. माझं कारण त्यात नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तिथे तुम्ही ह्यांना भेटत असाल तर राखेचं बोलून जाल, याची मला भीती वाटते.

ह्यांनी विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लवकर उठले, ह्यांचा चहा करून ठेवला, आणि फोनची वेळ झाली तशी धुवायचे कपडे घेऊन तळघरात गेले.