धोंड्याचा महिना

३ ऑक्टोबर १९७४, गुरुवार

गुरुवार म्हणजे माझा बाहेरचा दिवस! दवाखान्यात आत डॉक्टर आणि आया गोमतीबाई, बाहेर बाकावर मी. असा तह झालाय आमचा. डॉक्टर उन्हाळ्यात नागपूरला जाऊन सफाईचं शिकून आले. मागून यंत्रही आलं. गर्भपाताचा कायदा दोन वर्षांपूर्वीच आलेला. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं — बाळंतपणाला कधीही उठवा, पण हे माझ्या हातून व्हायचं नाही. मी रोज सकाळी पंचशील म्हणते, त्यातलं पहिलंच शील जीवहिंसेचं. डॉक्टर हसले. म्हणाले, "बरं सिस्टर, तुमचं शील सांभाळा. नुसतं बाहेर बसून विचारून घ्या. बारा आठवड्यांच्या आतली असेल तर आत पाठवा. त्यापुढं मला एकट्याला परवानगी नाही, दोन डॉक्टर लागतात."

म्हणून मी नुसतं विचारते. पोटाला हात लावत नाही. हात लावला की मी त्यातलीच झाले, असं मला वाटतं.

आणि माझा एक नियम डॉक्टरांना माहीत नाही. बाईजवळ वेळ असला की तिला एकदा परत पाठवायचं. "विचार कर, मग ये," म्हणायचं. काहीजणी येतच नाहीत परत. त्या दिवशी मला जेवण गोड लागतं.

गोमतीबाईचं तिसरंच! "पाप डाक्टरच्या डोक्शावर, आपुन फक्त भांडे धुवाचे," म्हणते. आणि गुरुवारी घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय चुलीपाशी जात नाही.

५ ऑक्टोबर

शेषराव आले मंगरूळपीरहून. नवरा एका तालुक्यात, बायको दुसऱ्या! कचेरीतल्या गमती सांगत होते. शेजारचं तान्हं रांगत आमच्या ओट्यावर आलं, ते यांनी उचललं आणि किती वेळ खाली ठेवलंच नाही. मी आत जाऊन उगाच पीठ मळत बसले. माझे तीन गेले. एकही चौथ्या महिन्याच्या पुढं टिकलं नाही. आणि गुरुवारी माझ्यासमोर बाया ओळीनं बसतात, "नको" म्हणायला. राग येतो. कोणाचा ते सांगता येत नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज भागिरथा आली. जगदेवची बायको, नाल्यापलीकडची. तिला बाकावर पाहून मी चाटच पडले. मागच्या हिवाळ्यात तिचं चौथं बाळंतपण मीच केलं होतं. पोर बाहेर आलं आणि रक्त थांबेचना. जीप नव्हती, डॉक्टर रजेवर. मी तिचं पोट मुठीनं दाबून धरलं ते सोडलंच नाही. माझे हात दोन दिवस दुखत होते. पण वाचली!

आज कडेवर तेच पोर, अंगावर पीत होतं. मला म्हणाली, "बाई, मले मोकळं करा."

"अगं, जरा हळू बोल."

"मागल्या खेपेले तुमी व्हत्या म्हून वाचली मी. आता नाही वाचाची. लई भेव लागते. हे चार लेकरं कोनाच्या भरोशावर टाकू?"

जगदेवला माहीत आहे का विचारलं. म्हणाली, "त्यायनंच पाठवलं." मी विचारलं, शेवटची बाहेर बसलीस त्याला किती दिवस झाले? तिनं सांगितलं, "पोळ्याच्या आंधी. न्हाली अन् दोन दिसानं पोळा व्हता. तवापासून नाही."

मी मनात हिशेब केला. पोळा म्हणजे गणपतीच्या आठवड्यातला. गणपती बसून महिना, वर चार-पाच दिवस. म्हणजे सहा आठवडे. पुष्कळ वेळ आहे. तिला म्हटलं, "घाई करू नको. पोटात आलेल्या जिवाचा विचार कर. मागच्या वेळी मी होते ना? या वेळीही असेन. दिवाळी होऊ दे, मग ये."

ती उठेना. "आजच नाही व्हत का, बाई?"

मी जरा आवाज चढवला. लोकांसमोर. "सांगितलं ना एकदा!"

गेली.

२५ ऑक्टोबर

आज धम्मदीक्षेचा दिवस. विहारात गर्दी. पांढरं लुगडं नेसून पुढच्या ओळीत बसले. पहिलं शील म्हणताना माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. बाबांची आठवण आली. छप्पन्न साली नागपूरहून आले आणि घरातले देव, टाक, पंचांग सगळं एका टोपलीत घालून नदीत सोडून आले. आई रडली होती. बाबा म्हणाले, "आता तिथी पाहून जगायचं नाही." तेव्हापासून आमच्याकडे सणवार नाहीत. मला त्याचा अभिमान वाटतो, वाटायलाच हवा.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काल दिवाळी झाली. दवाखाना सुनासुना. एकही बाई नाही. भागिरथा आली नाही. मन बदललं असणार. बरं वाटलं. शेषरावांना पत्रात लिहिलंसुद्धा — एक जीव वाचवला म्हणून!

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आली. या वेळी जगदेव बरोबर. मी काही न बोलता आत पाठवली. नियम एकदाच परत पाठवायचा आहे, दोनदा नाही.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी मला आत बोलावलं. भागिरथा टेबलावर, लुगडं तोंडावर ओढलेलं.

"सिस्टर, किती आठवडे म्हणालात?"

"दहा."

"चौथा महिना लागलाय हिला. हात लावून पाहा."

मी लावला. लावायचीही गरज नव्हती, नजरेला दिसत होतं. एवढी बाळंतपणं केलेली मी! म्हटलं, असं कसं, ती पोळ्याच्या आधी...

आणि तिथंच मला अनारसे आठवले. गोमतीबाईनं आणले होते, ऊन-पावसाच्या दिवसांत. "जावई आलता धोंड्याच्या वाणाले, घ्या बाई तुमीबी." यंदा धोंड्याचा म्हणजे अधिक महिना पडला होता. पोळा झाला आणि गणपती बसला तो एक अख्खा महिना सोडून! दरवर्षीचे शेजारी-शेजारी येणारे सण यंदा लांब गेले आणि मी डोळे झाकून दोघांना चिकटवून टाकलं. त्या दिवशीच तिचे दहा आठवडे झाले होते, हाती फक्त दोन उरले होते. अनारसे खाल्ले होते मी. चार खाल्ले.

डॉक्टर जगदेवला सांगत होते, "अकोल्याला न्या. तिथं दोन डॉक्टर आहेत. लगेच न्या."

जगदेव भला माणूस. हात जोडून उभा. "कापूस फुटून राह्यला साहेब, वेचाले घरचं मानूस नाही. पुढल्या हप्त्यात नेतो."

भागिरथा टेबलावरून उतरली. माझ्याकडे पाहिलं. "मी तर तवाच आलती, बाई." एवढंच. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर चाललं असतं.

२२ नोव्हेंबर

पंचांगाला दोष देऊन मोकळं होता येईल. बाबांनाही देता येईल. पण खरं काय ते इथं तरी लिहावं. त्या दिवशी तिला झोपवून पोटावर हात ठेवला असता तर पोळा-गणपती काही लागलं नसतं. हाताला कळलं असतं. मी हात लावला नाही कारण मला तो लावायचा नव्हता. मला पुण्य हवं होतं.

२५ नोव्हेंबर

नाल्यापलीकडे जाऊन आले. भागिरथा वावरातून ओटी भरून कापूस घेऊन येत होती. म्हटलं, मी येते अकोल्याला तुझ्याबरोबर, उद्याच चल. म्हणाली, "हे म्हनतात का चार दिस थांब." मी जगदेवच्या आईला समजावलं. तिनं चहा दिला आणि कापसाच्या गोष्टी काढल्या. निघताना भागिरथा नाल्यापर्यंत पोचवायला आली. "तुमी नका जीव जाळू, बाई." मला म्हणते!

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज बाहेर तिघी होत्या. एकीलाही परत पाठवलं नाही. एकेकीला झोपवून पोट पाहिलं. गोमतीबाई माझ्याकडे बघतच राहिली. मग चहा न मागता आणून दिला.

१ डिसेंबर

दुपारी बंडी आली. बैल फेसाळलेले. भागिरथा आत, वर गोधडी. अंग तव्यासारखं तापलेलं. आणि वास. तो वास आम्हा दवाखान्यातल्यांना सांगावा लागत नाही.

गावठाणातल्या रंगूबाई सुईणीकडे गेली होती, चार दिवसांपूर्वी. रंगूबाईनं पोट पाडायला काडी घातली. घरी कोणाला बोलली नाही, दुसऱ्या दिवशी कापूस वेचायलाही गेली म्हणे!

"सिस्टर, तुम्ही बाहेर थांबता का?" असं डॉक्टरांनी विचारलं. म्हणजे अशा वेळीही माझं शील सांभाळत होते बिचारे. मी आत गेले. दिवा धरला, भांडी दिली, मागच्यासारखं पोट दाबून धरलं. जे करणार नाही म्हणाले होते ते सगळं केलं. आत काय राहिलं होतं ते काढलं.

ती शुद्धीत होती. म्हणाली, "तुमी हात लावला नं, आता व्हते बरं."

जीप शिबिराला गेलेली. उद्या सकाळी येईल, मग अकोल्याला नेऊ.

२ डिसेंबर

पातूरचा घाट उतरताना गेली. डोकं माझ्या मांडीवर होतं. जगदेव पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेला, मला बराच वेळ त्याला सांगताच आलं नाही. तो मधून मधून विचारत होता, "झोपली का?" मी म्हणत होते, हो.

अकोला येऊ दिलं आणि मग सांगितलं. तो रस्त्याच्या कडेला बसला. म्हणाला, "पुढल्या हप्त्यात नेनारच व्हतो मी, बाई. देवाशपथ नेनार व्हतो."

३ डिसेंबर

त्यांच्या घरावरून आले. आत जायची हिंमत झाली नाही. लहान पोर रडत होतं. जगदेवच्या आईनं साखरेचं पाणी बोटानं चाटवलं, ते थुंकत होतं.

५ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरांना सगळं सांगितलं. पोळ्याचा हिशेब, माझा परत पाठवायचा नियम, सगळं. वाटलं होतं रागावतील, वर कळवतील. मी तयार होते. त्यांनी उठून दार लावलं.

"हे बाहेर कुठं बोलू नका, सिस्टर."

"पण चूक माझी आहे."

"चूक कोणाची ते कोण विचारतं? इथं सफाई होते आणि इथली बाई मेली, एवढंच लोक बोलतील. बोलतच आहेत." त्यांचा चेहरा उतरला होता. एवढा हसरा माणूस. "मला दोन पोरी आहेत," म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

७ डिसेंबर

शेषरावांना सांगितलं. ते म्हणाले, "तू मुद्दाम थोडीच केलंस?" मला नेमकं याच प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. मारायचं नव्हतं मला तिला, हे खरं. पण तिच्या जिवापेक्षा मला तो न जन्मलेला जीव जवळचा वाटला. माझ्याच गेलेल्यांपैकी एक असल्यासारखा. तिचे चार मला दिसलेच नाहीत, तीही दिसली नाही.

खूप रडले. यांनी भात टाकला. कच्चा राहिला होता, तसाच खाल्ला दोघांनी.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज सकाळी शील म्हणताना पहिल्यालाच अडखळले. जीवहिंसा म्हणजे काय, हे मला अठरा वर्षं पाठ होतं, माहीत नव्हतं.

डॉक्टर वाशीमला मीटिंगला गेले, म्हणून काम बंद. जाताना त्यांना गाठून म्हटलं, "पुढच्या गुरुवारपासून मी आत उभी राहीन. टेबल मी मांडीन, बाया मी तपासीन." मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. ते जीपमध्ये चढता चढता म्हणाले, "बघू."

गोमतीबाईला सांगितलं. म्हणाली, "आता समजलं तुमाले, बाई? पन चला, समजलं." फटकळ आहे. पण मग माझ्याशेजारी बसून तिनंही डोळे पुसले.

१९ डिसेंबर, गुरुवार

लवकर जाऊन टेबल मांडलं. भांडी उकळली, कपडे उन्हात घातले. डॉक्टर आले, पाहिलं. म्हणाले, "कशाला, सिस्टर? यंत्र परत पाठवलं मी. आता ही ब्याद आपल्याकडे नको. तुमचंच बरोबर होतं."

बाहेर बाकावर दोघी होत्या. त्यांना मलाच सांगावं लागलं. एक तिथंच रडायला लागली. दुसरी उठली, पदर घेतला आणि गावठाणाच्या वाटेला लागली, रंगूबाईच्या घराकडे. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिनं वळून पाहिलं नाही. कशाला पाहील?