यंदा पिचर कोण

शुक्र., ३ ऑक्टोबर
उन्हाळ्यानंतर आज टीम पहिल्यांदा भेटली. टीम म्हणजे उरलेली. मैदानावर अजून बसवत नाही, हवा ओल्या फडक्यासारखी, म्हणून एगैलाच्या मॉलमध्ये. दोघे कॅचर भाऊ मायदेशी सेबूला परत गेले, कायमचे. शॉर्टस्टॉप कॅनडाला. सेकंड बेसवाल्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. गेल्या सीझनला एकही मॅच जिंकलो नव्हतो, तेव्हा फार काही गेलं असं नाही, असं गोखलेकाका म्हणाले.

काका शहरातल्या बनेद अल-गारहून एवढे लांब येतात ते फक्त या टीमसाठी. काकू पुण्यात, हे इथे आखातात एकटे. बेसबॉल त्यांना नंदूनेच शिकवला, आता तेच सगळ्यांना शिकवतात. ट्रेमधल्या केचपच्या पुड्या मांडून मैदान केलं. "नव्याने बांधायची तर नव्याने बांधा. बॉल टाकायला तरुण माणूस हवा. नंदूला फर्स्ट बेसला झेल घ्यायला ठेवा."

माझा नवरा नं. समोरच बसलेला. खेळाडू निवडतो तो रोमेल आणि नं. या दोघांनी मिळून ही टीम काढली तेव्हा आमची सई बालवाडीत होती. पहिल्या दिवसापासून पिचर तोच.

सई म्हणाली, "काका, टेक्निकली एव्हरीवन ओव्हर फॉर्टी शुड गो." सगळे हसले. नं. पण हसला. मग पुडी फाडायला घेतली, ती फाटेना. हसत हसत माझ्याकडे सरकवली. मी फाडली.

सोम., ६ ऑक्टोबर
सकाळची ड्यूटी. निघताना नं.च्या शर्टाचं वरचं बटण मी लावलं. म्हणाला, प्लांटवरच्या एसीने बोटं आखडतात.

जुलैपासून आखडतायत.

हाडांच्या वॉर्डात काम करते मी, दिवसभर लोकांचे हात बघते. उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधला उंचवटा बसलाय. चहा देताना मुद्दाम डावा हात बघितला. डावा ठीक.

शुक्र., १० ऑक्टोबर
पहाटेच प्रॅक्टिस, ऊन चढायच्या आत. तेजस आला. नाशिकचा, नुकताच इथे लागलेला इंजिनिअर, कॉलेजात खेळलाय. लांब हातांचा, जरा लाजरा. पहिलाच बॉल असा टाकला की कॅचरच्या ग्लोव्हचा आवाज पार्किंगपर्यंत गेला. काका उभेच राहिले.

मग नं. त्याचे पहिले दोन ठीक. पुढचे सगळे कॅचरच्या आधी जमिनीवर. वाळूत टप्पा पडून उडणारे. प्रत्येक वेळी परत आलेला बॉल ग्लोव्हमधून काढून तो त्याच्याकडे बघायचा, जसा काही बॉलच खराब आहे.

घरी आल्यावर ग्रुपवर सुरू झालं. काकांचा लांबलचक मेसेज. नंदूवर प्रेम आहे म्हणूनच सांगतो, भावनेवर टीम निवडता येत नाही, खांदा गेलाय हे सरळ दिसतंय. कुणीतरी लिहिलं, पण अनुभव? कुणीतरी, अनुभवाने बॉल पोचत नाही. नं.ने सोफ्यावर बसून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, बातम्या वाचल्यासारखं. सई आत निघून गेली.

खांदा नाही, काका. खांद्याला काही झालेलं नाही.

सोम., १३ ऑक्टोबर
बोलले शेवटी. नसांची तपासणी करून घे म्हटलं, आमच्याकडेच होते, डॉ. हानी चांगले आहेत.

"आणि काही निघालं तर?"

"तर उपाय करू."

"जानेवारीत कंपनीचं मेडिकल आहे, मनू. टॉवरवर चढून मीटर बघायचं काम माझं. घर कंपनीचं. मार्चमध्ये सईची बारावी."

"न बघितल्याने हात बरा होणार आहे का?"

"सीझन होऊ दे."

बाहेर पहिल्यांदा जरा गार वारं होतं. खिडकी उघडून उभी राहिले. खालच्या बकाल्याच्या किराणा दुकानासमोर कुणाचा तरी मुलगा भिंतीवर बॉल आपटत होता, तो आवाज सहन होईना. लावून घेतली.

शुक्र., १७ ऑक्टोबर
वफ्राला सराव सामना. नवा कॅचर जोमार तिथल्या काकड्यांच्या ग्रीनहाऊसमध्ये काम करतो, त्याच्या मालकाने शेताशेजारची मोकळी जागा वापरू दिली. आम्ही बायका-मुलं आणि काका खजुराच्या झाडाखाली, चटईवर. थर्मास, पोहे. काकांनी घरून आणलेला चिवडा. सगळं छान होतं खरं तर.

तेजसने निम्मा सामना टाकला. मग रोमेलने नं.ला बोलावलं. आधी बरा टाकत होता. कसा टाकतोय ते मला कळत होतं, बोटांनी न सोडता तळहाताने ढकलत होता. जळगावला असताना मी त्याचे किती बॉल पकडले असतील. कॅचरला हातातून कळतं.

मग एक निसटला. सरळ बॅटवाल्याच्या डोक्यावर. हेल्मेट होतं. तो खाली बसला, उठला, हात हलवून ठीक आहे म्हणाला. नं. तिथेच उभा, हात मांडीला पुसत. पुसतच राहिला.

मी पाणी आणायला ग्रीनहाऊसकडे गेले तर रोमेल मागून आला. आत दमट, काकड्यांचा हिरवा वास. आमच्या हॉस्पिटलात एक्स-रेला आहे तो, मला सिस्टरच म्हणतो.

"सिस्टर, तुम भी कॅचर था. सच बोलो. उसको रखूँ?"

मी म्हटलं, मत रखो.

"फर्स्ट बेस?"

"नहीं. किधर भी नहीं."

त्याने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते, की आतल्या उष्म्याने. मी जग भरून बाहेर आले आणि सगळ्यांना पाणी दिलं. नं.ला पण.

शनि., १८ ऑक्टोबर
टीम जाहीर झाली. नं.चं नाव नाही. राखीवमध्ये पण नाही.

कमाल म्हणजे काका. काल-परवापर्यंत ज्यांना तरुण माणूस हवा होता तेच ग्रुपवर रोमेलशी भांडले. ज्याने टीम काढली त्याला बेंचवरसुद्धा जागा नाही? फर्स्ट बेस म्हणालो होतो मी, घरी बसवा म्हणालो नव्हतो. रोमेलने एवढंच लिहिलं, माय डिसिजन. माझं नाव घेतलं नाही.

नं. दिवसभर गाडी धूत होता. जेवताना म्हणाला, "रोमेल असं स्वतःहून करणार नाही. त्याला कुणीतरी सांगितलंय."

मी भात वाढला.

मंगळ., २१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. दोघांनाही सुट्टी नाही, संध्याकाळी आल्यावर केलं. सईने बाल्कनीत दिव्यांच्या माळा लावल्या. पूजेला नं.ने डाव्या हाताने हळदकुंकू वाहिलं. सईने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणजे तिलाही कळलंय.

ती मैत्रिणीकडे फराळ द्यायला गेली तेव्हा सांगून टाकलं. "रोमेलला मी सांगितलं."

तो समईची वात सारखी करत होता. थांबला.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"संशय जुलैपासून."

"जुलै." वात पुन्हा पुढे सारली. मग, "वाईट त्याचं नाही वाटत की काढलंस. तू बरोबरच सांगितलं असणार. पण मला सांगायच्या आधी त्याला सांगितलंस."

मी तुला सांगत होते की, त्या सोमवारी नाही का, वगैरे म्हणणार होते. पण तेव्हा मी तपासणी कर म्हणाले होते. तुझ्याच्याने आता बॉल टाकवत नाही, हे नव्हते म्हणाले. ते एका परक्या माणसाला सांगितलं, काकड्यांमध्ये उभं राहून.

तो आत जाऊन झोपला. करंज्या तशाच.

शुक्र., २४ ऑक्टोबर
नं. तीन-चार शब्दांपलीकडे बोलत नाही. हो, नको, ठेव तिथे.

सकाळी काका आले, न सांगता. टीमबद्दल भांडायला आले असणार असं वाटलं. मी चहा टाकला. नं. बाहेर येईना. काका बंद दारापाशी खुर्ची ओढून बसले आणि दाराशीच बोलायला लागले. की मार्चनंतर ऑफिस त्यांना ठेवणार नाही, साठ होतायत. की हा त्यांचा शेवटचा सीझन. की एकदा जिंकताना बघायचं होतं म्हणून एवढा आरडाओरडा केला, तरुण पिचर, तरुण पिचर. "पुण्यात कोण बेसबॉल खेळतंय रे नंदू. तिथे मी कुणाशी भांडू?"

दार उघडलं नाही.

मग मी काकांना हाताचं सांगितलं. स्वयंपाकघरात नेऊन, हळू. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. म्हणाले, "आणि मी जगाला सांगत सुटलो खांदा गेला म्हणून." परत दारापाशी गेले. या वेळी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. दार उघडलं. बराच वेळ दोघे आत.

जाताना काका म्हणाले, "सोमवारी तपासणीला मी घेऊन येतो त्याला. तू तुझ्या ड्यूटीवर राहा. तो म्हणतोय तू नको."

ठीक आहे. माझ्याशिवाय का होईना.

सोम., २७ ऑक्टोबर
एकाच इमारतीत मी वर, तो खाली. ड्रेसिंग बदलत होते, सलाईन लावत होते, आणि खाली त्याच्या हातात सुया. मधल्या सुट्टीत जिन्यापर्यंत गेले. काचेतून काका दिसले, बाकावर, नं.चं घड्याळ आणि पाकीट मांडीवर धरून बसलेले. परत फिरले.

ड्यूटी संपल्यावर डॉ. हानींनी बोलावलं. इजिप्शियन आहेत, एरवी खूप बोलतात. आज कमी. नसा नीट चालत नाहीत एवढं नक्की. का, ते आत्ता सांगता येत नाही. मानेचा एमआरआय करा. मणक्यात नस दबली असेल तर ऑपरेशन आहे. "अँड इफ द नेक इज क्लीन, सिस्टर मनीषा, वी विल टॉक."

त्या बोलण्यात काय असतं ते मला माहीत आहे: नसाच मरत चालल्यात, उपाय नाही. वॉर्डात माझ्यासमोर बोललेत ते.

घरी येऊन देवापुढे बसले. माझ्या नवऱ्याच्या मानेचा मणका सरकलेला असू दे. असं मागणारी मी पहिलीच असेन. त्याचं ऑपरेशन होऊ दे, तो महिनाभर पट्टा लावून चिडचिड करू दे.

एमआरआयची तारीख नऊ नोव्हेंबर. त्याआधी नाही.

रवि., २ नोव्हेंबर
तेजस घरी आला, हातात मिठाईचा डबा. दारातच घुटमळत होता. नं.ला म्हणाला, "सर, तुमची जागा मला नको होती." नं. म्हणाला, "माझी कसली जागा? आत ये. बॉल दाखव, कसा धरतोस."

दोघे हॉलमध्ये. नं.ने स्वतः बॉल धरला नाही. तोंडाने सांगत होता, मधलं बोट शिवणीवर, अंगठा खाली, जोर मनगटाचा, नाही, इतका घट्ट नाही. शेवटी मला हाक मारली. "मनू, जरा दाखव याला."

लक्ष्मीपूजनानंतर पहिल्यांदा नावाने हाक.

मी ओल्या हातांनीच बॉल धरून दाखवला. तेजस माझी बोटं बघत होता. नं. पण माझी बोटं बघत होता. पोरगा गेल्यावर म्हणाला, "चांगला आहे. पण घाई करतो." आणि जाऊन झोपला. संध्याकाळचे सहा वाजले होते. हल्ली लवकर थकतो.

शुक्र., ७ नोव्हेंबर
सीझनची पहिली मॅच, शहराच्या बाजूच्या मैदानावर. तो येणार नाही असं धरून चालले होते. बूट घालून दारात उभा. किल्ली माझ्याकडे दिली, "तू चालव." आजवर कधी दिली नव्हती.

आमच्यात बसला, चटईवर, काकांच्या शेजारी. सुरुवातीला सगळ्यांना अवघड झालं. त्याच्यासमोर तेजसला वाहवा म्हणायचं की नाही. मग तेजसने दोन बॉल लागोपाठ बाहेर टाकले आणि नं.च ओरडला, "अरे घाई का?" काका लगेच, "घाई नाही, तो दमलाय. बदला त्याला." "आत्ताच कसा दमेल, चोवीस वर्षांचा घोडा." "मग टाकतो का असा?" पुढे दोघे भांडतच राहिले, कुणाला कुठे उभं करायला हवं होतं यावर. दोघांना मजा येत होती. मी पोह्यांच्या डब्याचं झाकण लावत बसले, काढत बसले.

हरलो. थोडक्यात, पण हरलोच. जोमारने बॉल सोडला शेवटी. काका म्हणाले, अजून सगळा सीझन आहे, आणि गाडीकडे गेले, हळूहळू.

येताना मी चालवत होते, सई मागे, कानात वायर. नं. आपणहून पुढच्या वर्षीची टीम लावायला लागला. तेजसला ठेवायचा. जोमारचं कॉन्ट्रॅक्ट राहिलं तर जोमार, हात चांगले आहेत त्याचे, नुसता घाबरतो. रोमेल आता खेळत नाही तर नुसतं कोच होऊ दे. शॉर्टस्टॉप शोधायला हवा. फर्स्ट बेसला कोण?

"काका नसतील," मी म्हटलं.

"हो. काका नसतील. सई पण कॉलेजला गेलेली असेल." मग जरा थांबून, "फर्स्ट बेसला कुणीतरी उंच हवा."

फर्स्ट बेसला तो स्वतःचं नाव घेतोय का म्हणून वाट बघत होते. फिन्तासची पाटी मागे गेली. त्याचा उजवा हात मांडीवर उलटा पडलेला, रस्त्याच्या दिव्यात बोटं जराशी हलत होती, तो हलवत होता की आपोआप, ते गाडी चालवताना कळेना.

"तिथे कोण ते नंतर बघू," तो म्हणाला.

परवा एमआरआय.