मुक्ताचं बलुतं

तिकोणा पेठ, ता. २० ऑक्टोबर १९३६

तीर्थरूप भिमाजीदादांस, धाकट्या मुक्ताचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या बाळंतघराला पोसणारा मुंबईचा फंड दिवाळीला हात काढून घेतोय. सेक्रेटरी मोटारीतून उतरले, चहा प्याले आणि आता गावाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, दरमहा वर्गणी काढावी, असा उपदेश करून गेले. वर फंडाचं कपाट न्यायला माणूस पाठवतो म्हणाले! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाळंतघरात माझ्या हाताखाली असणाऱ्या विठाबाईने तोंडावरच विचारलं, की पोरं काय फंडाला इचारून जन्माला येत्यात व्हय.

वर्गणी इथे जत्रेला देतात, तीही कुरकुरत. गावातल्या जाणत्या हौशीरामआबांनी तोड काढली. लोहार-सुताराला खळ्यावर बलुतं मिळतं, तसंच सुईण म्हणून मलाही भात द्यायचं. मी हो म्हटलं.

सरूवहिनींना आठवा लागला ना? जपा त्यांना. लोभ आहेच, लगेच लोणावळ्याला ये म्हणून तेवढं लिहू नका.

मुक्ता

लोणावळा, ता. २७ ऑक्टोबर १९३६

चि. गं. भा. मुक्तास अनेक आशीर्वाद.

बलुतं? आपल्या घरात? वाडवडिलांनी खळ्यावर बलुतं दिलं, कधी घेतलं नाही. तुला पुण्याला नर्सिंग शिकवलं ते काय सूप घेऊन लोकांच्या खळ्यावर उभी राहायला? रेल्वेच्या मालधक्क्यावर माझ्या हाताखालचे लोक मला काय म्हणतील! फंडवाले शहाणे म्हणून सुटले; तूही नीघ. इथे बंगलेवाल्यांकडे मानाने राहशील.

हे खूळ सोडेपर्यंत तुझ्या वहिनीला तुझा हात लागणार नाही. रेल्वेच्या डॉक्टरांशी बोललो आहे.

आशीर्वाद माझे आहेत. अक्कल तुझी तू आण.

भिमाजी

तिकोणा पेठ, ता. १४ डिसेंबर १९३६

तीर्थरूप दादांस शि. सा. न.

रागाने इतके दिवस लिहिलं नाही. अहो, फंडाचा पगार घेतला तेव्हा मान होता, आणि ज्यांची पोरं या हातांनी सोडवली त्यांचं भात घेतलं की लाज? तीन वर्षांत फंडवाल्यांना माझं नाव धड आठवलं नाही. खळ्यावर मी मान खाली घालूनच गेले होते. खळ्याची मालकीण शालूबाई ओरडली, की पयलं माप आमच्या सुईणबाईला, लोहार मागनं. लय रडले, दादा. वर्गणी मागणारा परका असतो, बलुतेदार गावाचा.

आता दुसरं. तुमच्या रेल्वेच्या डॉक्टरांना टाळून वहिनी माहेरी जाते म्हणून निघाल्या, आणि त्या तिथेच आहेत असं तुम्ही समजताय. त्या भावाला, गेणूला घेऊन बैलगाडीने इथे आल्या. मागल्या खेपेला अडल्या तेव्हा मला न्यायला तुम्हीच अनवाणी धावत आला होता, ते त्या विसरल्या नाहीत. काल मुलगी झाली. दोघी खुशाल. बायका विचारतात, लोणावळेकरांचं बलुतं कोण देणार? वहिनी म्हणाल्या, धनी येतील घेऊन.

राग उरला असेल तर पत्राने पाठवा, बाळंतिणीसमोर नको.

मुक्ता

लोणावळा, ता. १७ डिसेंबर १९३६

चि. मुक्तास आशीर्वाद.

बायको, बहीण, मेहुणा, सगळे सामील! राग गेलेला नाही, जाणारही नाही. मालधक्क्यावर पेढे वाटले ते मुलीचे, तुझ्या बलुत्याचे नव्हेत.

रविवारी कुसगावच्या आपल्या खळ्यावरचं भात घेऊन येतो. बलुतेदाराने खळ्यावर यायची रीत आहे, ठाऊक आहे मला. मोडली रीत. माझी बहीण माझ्यापुढे सूप धरणार नाही. पोतं पाठीवर घेऊन मीच तुझ्या दारात उभा राहीन.

आणि तो फंडाचं कपाट न्यायला येणारा माणूस अजून यायचा असेल नि माझ्याआधी टपकलाच, तर त्याला बसवून ठेव. मला कुणावर तरी ओरडायचं आहे.

तुझा भिमाजीदादा