तिच्या नंबरावर गेलेला हात

मी, वय बावीस, कॉलेज अर्धवट सोडलेला, स्विचबोर्डच्या कारखान्यातला खुर्ची नंबर एकोणीस, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करतो. उजव्या हातात पेन धरवत नाही, म्हणून मी सांगतो आणि दादा लिहितो. दादा म्हणतो, "मनगटाच्या ऑपरेशनला मृत्युपत्र कोण करतं रे?" भूल दिल्यावर माणूस उठेलच असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही.

१. मोटारसायकल दादाला. राहिलेले हप्तेही त्यालाच.

२. मोबाइल आणि बँकेत असेल ते आईला. कॉलेजची पुस्तकं रद्दीत घालावीत. आईने ती पुसून पुन्हा फळीवर मांडू नयेत.

३. हाताची नुकसानभरपाई मिळाली तर तीही आईला. ती ठरते वर्षभराच्या मजुरीच्या सरासरीवर आणि हात किती टक्के निकामी झाला त्यावर. आमच्याकडे मजुरी भरलेल्या ट्रेवर मिळते. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी नवीन होती, हात चालत नव्हता, तिला काढणार होते. मी स्क्रू मारलेले माझे ट्रे तिच्या नंबरावर सरकवत गेलो. "अजून एकच दे ना, राजा," म्हणायची. वर्षभर दिले, दोघांचे स्क्रू मारून मारून मनगट गेलं. आता कागदावर माझी सरासरी तळाला, आणि तपासणीवाले साहेब विचारतात, "एवढ्याशा कामाने हात जातो होय?"

४. ती आता सुपरवायझर आहे. चौकशीत माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो कामात ढिलाच होता, साहेब." पुढची शिवी लिहायला दादा तयार नाही. माझ्या मागे घरातल्या कोणीही तिच्या नावाने बोटं मोडू नयेत. तो हक्क माझा, आणि तो मी कोणालाही देत नाही.

५. तिला काही ठेवलेलं नाही. हे रागाने नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि मला साक्षीदार तीच हवी आहे. तिने आधी कलम तीन वाचावं. खोटं वाटलं तर सही करू नये. साक्षीदार दोन लागतात, तिच्याशिवाय हा कागद अपुरा राहील, हे मला कळतं. दादा म्हणाला, "ती येणार नाही." तेही लिही म्हटलं.

स्थळ : शिंपीकाकांचं दुकान
दिनांक : ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी

साक्षीदार पहिला : शिंपीकाका. हजर. शटर अर्धं पाडून थांबले आहेत.

साक्षीदार दुसरा :

करणाऱ्याचा अंगठा : ती आल्यावर, तिच्यादेखत.