मेहुण्याची कोवळी कॅबर्ने

रविवार, ८ नोव्हेंबर १९८७

शिवदास जुन्नरहून बाटली घेऊन आला. बूच नवं, लेबल नाही, मेहुणा जुनाच! साकीनाक्याच्या कारखान्यात लेथ चालवता चालवता या गृहस्थाने तिकडे भागीदारीत द्राक्षं लावली — तीही कॅबर्ने, फ्रेंच जातीची! — आणि यंदा पहिली लाल वाइन केली. म्हणाला, "भावोजी, तुम्ही सांगाल ते. चांगली असेल तर नोकरी सोडतो. नसेल तर पिंपं सिरकेवाल्याला देऊन टाकतो. तो बुधवारी येतोय."

म्हणजे निकाल मी द्यायचा. का? तर वार्ताहर म्हणून वकिलातींच्या मेजवान्यांना जातो आणि सरकारी परवान्यावर 'प्रकृतीसाठी' पितो. शिवाय संस्कृत शिकलोय. त्याचा इथे काय संबंध, ते शिवदासलाच माहीत!

भाऊ आला म्हणून अनुपमाने बांगड्याचं तिखलं केलं. लग्नात आलेला लेमन सेट बाहेर निघाला. रंग — जांभळाचा डाग पडावा तसा, कडेला निळसर. वास — जांभूळच, आणि मागून चक्क ढोबळी मिरची! झकास. मग बांगड्याचा घास, वर मोठा घोट. अरे देवा! गंजका खिळा चोखल्यासारखं!

शिवदास माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कशी?"

"लोखंडी. पिंप पत्र्याचं आहे का रे?"

"लाकडाचं आहे, भावोजी."

त्यानेही घास घेऊन घोट घेतला. ग्लास तसाच ठेवून उठला. चपला घालताना एवढंच म्हणाला, "सिरकाही चांगला खपतो म्हणा."

थट्टा कुठे थांबवावी, हे आमच्या पाठशाळेत शिकवलं नव्हतं.

सोमवार, ९ नोव्हेंबर

सोमवार — मासे बंद. काळ्या वाटाण्याचं सांबारं. कालची अर्धी बाटली उरलीच होती, जेवताना थोडी ओतली. खिळा गायब!

तुरट आहे, भरपूर आहे — आयुर्वेदात कषाय रस सांगितलाय तसा, जीभ जड, घसा आवळलेला. पण मागून फळ येतं, आणि गिळल्यावरही रेंगाळतं. कच्ची आहे. वर्ष-दोन वर्षं मुरायला हवी. पण हाडापेराने मजबूत!

मग काल काय झालं? रात्रभर हवा लागून सुधारली, की गुन्हेगार बांगडा? पुराव्याशिवाय निकाल नाही. फ्रिज उघडला, कालच्या तिखल्यातला तुकडा तोंडात टाकला, वर घोट — खिळा हजर!

मागे अनुपमा उभी. चिडली की ती थेट मालवणात पोचते.

"आज सोमवार आसा! काय करतास?"

"शास्त्र."

"शास्त्राक बांगडो लागता?"

"या शास्त्राला लागतो."

सगळं समजावलं. तिने सांबाऱ्यावर एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि दुसरा घेतला. "म्हणजे माझ्या भावाला उगाच रडवलंत!"

बरोबर आहे. पण तिखलं कोणी केलं होतं? (हे तिला विचारलं नाही. इथे लिहितोय.) कोकणातल्या माणसाला कुणाचाही मान माशानेच करायचा असतो — पाहुणी म्हणून बाटली आली तरी!

मंगळवार, १० नोव्हेंबर

ऑफिसातून कारखान्यात फोन. लेथचा असा आवाज की ओरडावं लागलं — "पिंपं देऊ नकोस! दोष बांगड्याचा!"

"कुणाचा?"

"बांगड्याचा!" अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं.

पलीकडे त्याने कुणाला तरी लेथ बंद करायला लावलं. मग, "नक्की ना, भावोजी? की ताईने दम दिला?"

"दोन्ही."

हसला. मला एकदम हलकं वाटलं. जुहूचा कुणी हॉटेलवाला कधीचा नमुना मागतोय म्हणे. उद्या त्याला नेऊन देणार. आधी मुरू दे रे, असं सांगितलं. ऐकलं असेल का? तो अनुपमाचा भाऊ आहे.

बुधवार, ११ नोव्हेंबर

सिरकेवाला रिकामा परत. शाब्बास!

गुरुवार, १२ नोव्हेंबर

शिवदास पेढे घेऊन आला. हॉटेलवाल्याने नुसती चाखली, खूश झाला, सगळी पिंपं घेतली. राजीनामा आज सकाळीच दिला! पेढा तोंडात असताना मी सहज विचारलं, हॉटेल कसलं रे?

"माशांचं," शिवदास खाली बघत म्हणाला. "दुसरं काही मिळतच नाही तिथे."

अनुपमा हसून हसून खाली बसली. "आता तुम्हीच जा. त्यांना सांबारं शिकवून या!"